कमलची आंबील आणि वत्सलाबाई वकील

मुक्ता, ये, अशी जवळ सरक. तो फोन आधी पालथा ठेव. तू पुण्यात आणि मी इथं धाराशिवात, हे मला माहीत आहे, तरी जवळ बसलीस असं धरूनच मी लिहिणार आहे. वकिलीच्या कॉलेजात जायला लागलीस आणि आजीला निरोप काय पाठवतेस, तर 'वत्सलाबाईंची चार ओळींत माहिती पाठव, कॉलेजात बोलायचंय.' चार ओळींत? अगं, जी बाई भाजी आणायला गेली की भाजी सोडून तीन जणींच्या अडचणी पिशवीत घालून यायची, ती चार ओळींत मावेल व्हय? शिकून शिकून हेच शिकलीस का? आता मी लिहिते तेवढं सगळं वाच. तुझ्या मैत्रिणींना ऐकायचं असेल तर त्यांनाही बसव, त्यांनी काही वत्सलाबाईंना पाहिलेलं नाही.

वत्सलाबाई आपल्या शेजारच्या घरात राहायला आल्या तेव्हा तुझी आई अजून शाळेत होती. सामान उतरलं, तसा मी चहा घेऊन गेले. नवीन शेजारीण, त्यातून वकील, त्यातून एकटी. गल्लीनं मला चहा देऊन पाठवलं होतं ते चौकशीलाच, हे काय मी लपवत नाही. बाईंनी चहा घेतला, बशी पुसली आणि माझ्या मांडीवर तुरीच्या डाळीनं भरलेलं सूप ठेवलं. म्हणाल्या, "बसा सरूबाई. जरा खडे बघा."

मी आपली खडे बघत बसले. विचारायला गेले होते त्यांचं, आणि सांगत सुटले माझंच. सासरचं, माहेरचं, तुझ्या आजोबांच्या रागाचं. डाळ संपली तेव्हा भानावर आले. काय काय सांगितलं ते इथं लिहीत नाही, तुझे आजोबा अजून चष्मा लावून सगळं वाचतात. घरी आले तर गल्लीतल्या बायका वाट बघत उभ्या. "काय कळलं?" मी म्हटलं, "बाईकडं डाळ चांगली हाय." दुसरं काही कळलंच नव्हतं!

पुढं कळलं की ही त्यांची कामाचीच तऱ्हा होती. येडशीहून, तेरहून, कुठून कुठून बायका यायच्या. बाईंचा पहिला सवाल ठरलेला, "जेवलीस का ते सांग. मारलं कुणी ते मागनं सांग." आलेल्या बाईला भाकरी वाढायची, पाणी द्यायचं आणि मग हातात काम. डाळ निवडायची, शेंगा सोलायच्या, मेथी खुडायची. मी एकदा विचारलंच, "वत्सलाबाई, त्या बिचाऱ्या रडत येतात आणि तुम्ही त्यांना राबवता?" तर म्हणाल्या, "सरूबाई, हात रिकामा असला की बाई पदर डोळ्याला लावती. मग पदराआड काय बोलती ते मला ऐकू येत न्हाय. हात गुंतला की मान खाली जाती, आन् खाली बघून माणूस खरं बोलतं."

चिंचा मात्र फोडायला द्यायच्या त्या फक्त फार चिडून आलेल्या बायकांना. हातात बत्ता आला की चार चिंचांत राग उतरतो म्हणायच्या. एका बाईचा उतरलाच नाही. तिनं सगळ्या चिंचांचा चोथा केला आणि "अजून हायत का?" म्हणून विचारलं. बाईंनी तिच्या नवऱ्याला त्याच दिवशी निरोप धाडला की आठ दिवस घरी जाऊ नका, ते तुमच्याच भल्याचं आहे.

त्यांचा काळा कोट स्वयंपाकघरात खुंटीला असायचा. बैठकीत लटकवला की येणारी बाई घाबरते, हे त्यांचं म्हणणं. त्यामुळं त्या कोटाला कायम फोडणीचा वास. कोर्टातले इतर वकील शेजारी बसले की सांगायचे, "आज आमटी हाय वाटतं, ताई." गळ्याचा पांढरा पट्टा बाजेवर माझ्या पापडांशेजारी वाळायचा, आणि एकदा माझ्या पापडाबरोबर डब्यात गेला. तारखेला बाई तशाच गेल्या, गळ्याला रुमालाची घडी टाचून.

आणि लोकांचे बोल? ते काय कमी होते? 'घरं मोडणारी बाई' हे नाव तर सगळीकडं. एकदा लोहाऱ्याहून आम्ही दोघी जीपनं येत होतो. जीपमध्ये नेहमीसारखी माणसं कोंबलेली. शेजारचे एक फेटेवाले आजोबा जोरात म्हणायला लागले, "ह्या वकील बायांनी लई वाटोळं केलं बघा. पोरींना फूस लावत्यात." मी बोलायला तोंड उघडणार, तर बाईंनी माझा हात दाबला आणि म्हणाल्या, "व्हय हो आजोबा, लई बाद बाया. तुमच्या घरात कुणाला तरास झालाय का?" आजोबा म्हणाले, "आमच्या न्हाय. पण आमची धाकली लेक हाय, तिला तिच्या सासरचे..." आणि मग जे सुरू झालं ते धाराशिव येईपर्यंत. शेवटी उतरताना आजोबा डोळे पुसत म्हणतात, "अशी कोण वकील बाई हाय का हो बघण्यात? फूस लावणारी असली तरी चालंल." बाईंनी त्यांना आपल्या गल्लीचं नाव सांगितलं. दुसऱ्या दिवशी आजोबा लेकीला घेऊन दारात, आणि दारात कोण उभं आहे ते बघून त्यांनी जो फेटा काढला, तो परत डोक्यावर ठेवायचं सुचेना.

आता मूळ गोष्टीवर येते. कमलची.

कमल तेरची. लोहाऱ्याजवळच्या एका खेड्यात दिलेली. नवरा दत्ता, सासू गोदाबाई. कमलला मूलबाळ झालं नाही आणि गोदाबाईनं लेकासाठी दुसरी पोरगी बघून ठेवली. एका सकाळी कमल पाणी आणायला गेली, ती हंडा घेऊन परत येईतो दाराला आतून कडी. तिचं गाठोडं बाहेर ओट्यावर. हंडा तसाच डोक्यावर घेऊन ती उभी राहिली म्हणे, कारण उतरवायचा कुठं हे कळेना. मग तेरला भावाकडं आली. भाऊ चांगला होता, पण भावजयीच्या घरात ती पाहुणीच, आणि ते तिला दर घासाला कळायचं.

वत्सलाबाईंनी तिला मेथी खुडायला दिली. कमल म्हणाली, "बाई, मला पैसाआडका नको. मला माझ्या घरात राहायचंय. सारवून सारवून माझ्या हाताची साल गेलीय त्या घरात."

तू आता म्हणशील, असल्या घरात परत जायचंच कशाला? मीही तेच म्हणाले होते. वत्सलाबाई माझ्यावरच उखडल्या. "जायचं का न्हाय ते तिनं ठरवायचं, सरूबाई. तुमी न्हाय, मी न्हाय आन् त्या गोदाबाईनं तर न्हायच. उद्या तिला वाटलं तर ती स्वतःच्या पायानं बाहेर पडंल. पण काढून दिली म्हणून न्हाय."

कायदा तू शिकतेसच. घर सासूच्या नावावर असलं तरी सून तिथं नांदलेली असेल तर तिला असं बाहेर काढता येत नाही. पण गोदाबाईच्या वकिलानं नामी युक्ती काढली. त्यांनी कोर्टात सांगितलं, की ही नांदलीच नाही. लग्न झालं, दोन महिने राहिली, माहेरी गेली ती गेलीच. आता आली पंचाईत! रेशनकार्डावर कमलचं नाव कुणी चढवलं नव्हतं. पोर नाही, म्हणजे शाळा-दवाखान्याचा पुरावा नाही. गाव सगळं भावकीचं. कमल ज्यांच्याबरोबर रोज पाण्याला जायची त्या बायकासुद्धा म्हणाल्या, "आमी काय बघितलं न्हाय बाई." सात वर्षं त्या घरात राबली, आणि आता ती तिथं होती हेच सिद्ध होईना.

मधेच एक दिवस दत्ता मित्राला घेऊन धमकी द्यायला आला. मोटारसायकल दारात आडवी लावली, मिशीवर हात फिरवला आणि म्हणाला, "ओ वकीलबाई, हे परकरण मिटवा, न्हायतर..."

बाई म्हणाल्या, "तुमाला वकील हाय ना? मग त्याच्यामागारी केसचं बोलायचं न्हाय, नियम हाय. दुसरं काय बी बोला. बसा." आणि पुढ्यात लसणाचं टोपलं. दत्ता टोपल्याकडं बघतो, मित्र दत्ताकडं बघतो. केसचं बोलायचं नाही म्हटल्यावर बोलायचं काय? बसले दोघं लसूण सोलत. तुरीचा भाव झाला, पाऊस झाला. निघताना दत्ता दारात घुटमळला आणि हळूच म्हणाला, "ती जेवती का बरी?" बाई म्हणाल्या, "नियम हाय." खाली मान घालून गेला बिचारा. बाई मला म्हणाल्या, "ह्याला घाबरायचं कारण न्हाय. हाच घाबरलाय, आईला."

तारीख जवळ आली आणि पुरावा काही मिळेना. कमल आदल्या आठवड्यात आली होती. शेंगा सोलता सोलता म्हणाली, "बाई, म्या काय केलं न्हाय त्या घरासाठी? तरी आत्याबाईंनी एका येळवशीला माझ्या आंबिलीला चांगलं म्हटलं न्हाय."

पुण्याच्या पोरींना येळवस म्हणजे काय ते कळायचं नाही, म्हणून सांगते. थंडीतल्या वेळअमावास्येला आमच्याकडं सगळं गाव शेतात जेवायला जातं. कडब्याची कोपी, म्हणजे खोपटं करायचं, तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडायचे, पूजा करायची. शेंगाभाज्यांची मिसळ करून केलेली भज्जी, बाजरीची भाकरी, आणि आंबील. ज्वारीचं पीठ आणि ताक घालून केलेली, लसूण लावलेली, मातीच्या बिंदग्यातून शेतात नेलेली. ज्या घरची आंबील बिघडली त्या घरच्या बाईचं वर्षभर नाव निघतं. आणि ही आंबील घरच्या सुनेनंच करायची, माहेरी गेलेल्या सुनेनं नाही.

वत्सलाबाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली. "दर येळवशीला नावं ठेवायची?" "दर येळवशीला." "साल लक्षात ठिवून?" "बाई, ती येकेक साल आजून काढून दाखवती." बाईंनी शेंग तोंडात टाकली आणि मला म्हणाल्या, "सरूबाई, चहा टाका. साखर जरा जास्त घाला."

तारखेला मी लोहाऱ्याच्या कोर्टात गेले होते बरोबर. डबा न्यायचं निमित्त. गोदाबाई साक्षीला उभी राहिली. नवंकोरं इरकली लुगडं, कपाळभर कुंकू, आवाज खणखणीत. वत्सलाबाई उठल्या, आणि अगदी पाहुणी आल्यासारख्या मऊ आवाजात म्हणाल्या, "मावशी, तुमच्या हातची आंबील आख्ख्या शिवारात नावाजलेली हाय म्हणं."

गोदाबाई फुलली. "हाय की! लोकं बिंदगं पुसून पित्यात."

"मग सुनंला शिकवली न्हाय व्हय?"

तिकडच्या वकिलानं कागदातनं डोकं वर काढलं.

"शिकवून येतीया व्हय? हात लागतोय त्याला!"

"पण ही कमल तर म्हणती, माझी आंबील तुमच्यापरीस चांगली व्हायची."

कमलनं असलं काही म्हटलेलं नव्हतं गं! पण गोदाबाईनं कमरेला पदर खोचला, आणि वकिलाकडं नाही, थेट न्यायाधीशांकडं वळली. "कुणाची? हिची? सायेब, तुमीच न्याय करा. पयल्या साली ताक असलं आंबट घातलं, की माझ्या दिराचं दात आंबलं, दोन दिस भाकर चावंना. म्होरल्या साली पीठ कच्चं. आमची तांबडी गाय व्याली त्या साली मीठच इसरली. हीर खांदली त्या साली..."

"मावशी," तिकडचा वकील घाईनं उठला, "विचारलं तेवढंच सांगायचं."

"तुमी थांबा वकीलसायेब! तुमाला काय म्हाईत आंबिलीतलं? हीर खांदली त्या साली हिनं बिंदगंच कलंडवलं, पांडवांम्होरं! आन् धाकल्या नणंदंचं लगीन झालं त्या साली लसूण जाळला."

न्यायाधीश साहेबांनी तोंडावर रुमाल धरला होता. त्यांना सर्दी नव्हती. टाईप करणाऱ्या बाईनं मात्र मान वर न करता एकेक साल उतरवून घेतलं.

"म्हंजी मावशी, लई सोसलं तुमी," वत्सलाबाई हळहळल्या. "किती साल झाली हे सोसून?"

"सात साल! एक येळवस गोड गेली न्हाय माझी."

"आन् सगळ्या येळवशी तुमच्याच शेतात?"

"मग काय दुसऱ्याच्या शेतात जाऊ?"

"एवढंच विचारायचं होतं, साहेब," म्हणून बाई खाली बसल्या. तिकडचा वकील केव्हाचाच बसला होता, डोकं धरून.

गोदाबाईला मात्र वाटलं, आपणच जिंकलो. बाहेर व्हरांड्यात आली, वत्सलाबाईंचा हात धरला आणि म्हणाली, "बाई, बरं झालं इचारलंत. आजपातुर मला कुणी इचारलंच न्हवतं."  परत येताना जीपमध्ये मी हसून हसून लोटपोट, तर वत्सलाबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "हसू नका. त्या बाईच्या तरुणपणी तिला कुणीतरी वकील पायजे व्हता."

आणि कमल? ती मागच्या सीटवर मुसमुसत होती. मला वाटलं आनंदानं. तर म्हणते, "समद्यांम्होरं माझ्या आंबिलीची अब्रू घेतली! बाई, तेवढी वाईट न्हवती हो! मीठ एकदाच इसरले मी!"

वत्सलाबाई म्हणाल्या, "अगं, वाईट व्हती म्हणून घर मिळाया लागलंय. चांगली केली असतीस तर सासूनं तोंडातनं शब्द काढला नसता. गप् बस."

निकाल लागला. कमलला घरात राहायचा हक्क, पुढची खोली, स्वयंपाकघर वापरायची मुभा, कुणी अडवायचं नाही. सरकारी बाई आणि एक पोलीस शिपाई बाई तिला घरी सोडायला गेल्या. वत्सलाबाईही गेल्या, आणि मी तर गेलेच. दत्तानं कडी काढली. गोदाबाई आत भिंतीकडं तोंड करून बसली होती. कमलनं गाठोडं पुढच्या खोलीत ठेवलं आणि विचारलं, "बाई, जिंकलो का आपण?"

"अजून न्हाय," वत्सलाबाई म्हणाल्या. "हा कागद झाला. तू या घरात कुणाला तरी आपल्या तोंडानं 'या, बसा' म्हणशील आन् ते म्हणताना कुणाच्या तोंडाकडं बघणार न्हाईस, त्या दिवशी मला कळव. तवर मी ही केस जिंकली असं कुणाला सांगणार न्हाय."

आणि खरंच सांगितलं नाही गं. कोर्टात सगळे त्या आंबिलीवर हसायचे, अभिनंदन करायचे, तर त्या म्हणायच्या, "अजून चालू हाय ती केस." लोकांना वाटायचं, बाईंना विसर पडायला लागला.

महिने गेले. दुसरी पोरगी बघितली होती, तिच्या बापानं कोर्टाची कथा ऐकून सोयरीक मोडली. सासूसून एका चुलीवर दोन तव्यांवर भाकरी करायच्या, एकमेकींशी अवाक्षर नाही. काही निरोप द्यायचा तर मांजराला उद्देशून. दत्ता दोघींच्या मधून पाण्याचा तांब्या घेऊन जायलासुद्धा कचरायचा. हे सगळं कमल फोनवर सांगायची. वत्सलाबाई ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "बरं. अजून बघू."

मग बाईंची तब्येत उतरली. छातीचं दुखणं. डॉक्टरांनी जिन्याला, प्रवासाला, बोलायला, सगळ्यालाच बंदी केली. आणि नेमका त्याच दिवसांत कमलचा फोन आला. "बाई, ऐतवारी घरी या." बास, तेवढंच. "आत्याबाईंना विचारते", "बघते" असलं काही नाही. वत्सलाबाई उठल्या आणि इस्त्रीचं लुगडं काढलं. मी डॉक्टरांचं नाव घेतलं तर म्हणाल्या, "त्यांना सांगा निकालाची तारीख हाय."

गेलो जीप करून. कमल दारात उभी. "या बाई, बसा," म्हणाली. पाट मांडलेला, पाण्याचा तांब्या भरलेला. आतल्या खोलीतनं गोदाबाईचा आवाज आला, "कोण आलंय गं?" मांजराला नव्हे बरं, कमललाच. मी कमलकडं बघत होते. तिनं मान वळवली नाही, आवाज चढवला नाही, पाणी देत देत म्हणाली, "माझं पाव्हणं हायत, आत्याबाई. चहाला दूध लागंल."

 मग पितळी भांडं वाजलं, आणि गोदाबाई दूध घेऊन बाहेर आली. आमच्याकडं बघितलं नाही, दूध ठेवलं आणि उंबऱ्याशी टेकली. आम्ही निघताना तिनंच वत्सलाबाईंच्या कपाळाला कुंकू लावलं.

परतीच्या वाटेवर वत्सलाबाई मला म्हणाल्या, "सरूबाई, आता सांगा सगळ्यांना. जिंकलो." आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्या, तोंड उघडं टाकून, अगदी लहान पोरासारख्या. एवढ्या घोरल्या, की ड्रायव्हरनं दोनदा मागं वळून बघितलं.

त्या उन्हाळ्यात त्या गेल्या. माणसं किती आली होती ते तुला काय सांगू. फेटेवाले आजोबा होते, लेकीला घेऊन. तिकडच्या बाजूचा तो वकीलही होता, सारखा नाक पुसत. कमल आणि गोदाबाई एकाच जीपनं आल्या, आणि जागेवरून वाटेत भांडल्याही असाव्यात, कारण उतरल्या तेव्हा दोघींची तोंडं दोन दिशांना होती.

तुझ्या चार ओळी यातल्या कुठल्या घ्यायच्या त्या तू घे. पण एक सांगते. परवा कमलचा फोन आला होता. तू वकिलीला गेलीस हे मी तिला बोलून बसले होते. म्हणाली, "आजी, त्या पोरीला आणा की माझ्याकडं. चार दिस राहू द्या. म्या सांगितलंय म्हणावं." ऐकलंस? म्या सांगितलंय! मी शब्द देऊन बसलेय, आणि माझे गुडघे काय आता फार वाट बघणारे नाहीत. परीक्षा झाली की पुण्याहून सरळ बस धर, मधे मैत्रिणीकडं-बिणीकडं उतरू नकोस. मी स्टँडवर उभी असेन. तिथून दोघी जाऊ लोहाऱ्याला. लवकर ये.